घर आपलं, भुई कुणाची? भाडेपट्ट्याच्या घराची गोष्ट

जेवणं उरकली असतील, भांडी पडली असतील तर पडू द्या थोडा वेळ. आज आपण घराबद्दल बोलणार आहोत. तेही शहरातल्या घराबद्दल. तुम्ही म्हणाल, आम्हाला गावात राहणाऱ्या बायांना शहरातल्या घराचं काय? पण आपल्या डोंगरपट्ट्यातल्या किती घरांचा पगार मुंबई-नवी मुंबईतून येतो ते तुम्हीच मोजा. कुणाचा नवरा बाजारात माथाडी आहे, कुणाचा मुलगा टेम्पो चालवतो, कुणाची लेक तिकडे दिलेली. तिथलं घर घ्यायला पैसा इथूनच जातो. दागिना मोडतो तो इथल्या बाईचा आणि सही मात्र तिथं, दुसऱ्याच कुणाची तरी.

आमच्या बचत गटातल्या एका ताईंची गोष्ट यातलीच. त्यांचे मालक वाशीच्या बाजारात माथाडी होते. ते गेल्यावर भविष्य निर्वाह निधीचे पैसे आले. मुलगा त्याच बाजारात कामाला, भाड्याच्या खोलीत राहतो. त्याच्यासाठी नवी मुंबईत एक जुनं, दोन खोल्यांचं घर बघितलं. दलालाने घाई केली, ताईंनी एक लाख रुपये इसार दिला. मग एका बैठकीत त्या म्हणाल्या, "घर छान आहे, पण कागदावर साठ वर्षं असं काहीतरी लिहिलंय. घराला पण मुदत असते का गं?"

आम्ही सगळ्या गप्प. कुणालाच माहीत नव्हतं. त्या प्रश्नापासून आमची शोधाशोध सुरू झाली ती थेट तीनशे वर्षं मागे गेली. आज तीच तुमच्यापुढे मांडतो.

पहिली गोष्ट अशी की, जमीन एकाची आणि वापर दुसऱ्याचा, ही रीत काही इंग्रजांनी आणलेली नाही. आपल्या गावांत ती जुनीच आहे. मराठेशाहीत गावात दोन तऱ्हेचे शेतकरी असत. एक मिरासदार. त्याची जमीन वंशपरंपरेची. सारा भरत राहिला की त्याला कुणी हलवू शकत नव्हतं, आणि जमीन विकायचा हक्कही त्याला होता. दुसरा उपरी. तो बाहेरून आलेला, ठरलेल्या बोलीवर जमीन कसणारा. त्याच्या हातात असायचा कौल. म्हणजे सरकारने दिलेला शब्द, की इतकी वर्षं तू ही जमीन कस, इतका सारा दे. पडीक जमीन लागवडीला आणायची असली तर इस्तावा कौल द्यायचे. पहिल्या वर्षी सारा अगदी थोडा, मग दरवर्षी वाढत वाढत पुऱ्या दरापर्यंत जायचा.

बघा, नांगर दोघांच्याही हातात होता. घाम दोघांचाही तेवढाच. पण एकाला मुदत नव्हती आणि दुसऱ्याला होती. भाडेपट्ट्याचं सगळं मर्म या एवढ्या फरकात आहे. भाडेपट्ट्याचं घर घेणारा माणूस हा शहरातला उपरी असतो. त्याच्या हातात कौल असतो, मिरास नसते.

आता मुंबईकडे येऊ. ही मुंबई इंग्रजांकडे आली तीच मुळी एका मुलीच्या लग्नात. १६६१ साली पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन आणि इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यांच्या लग्नाचा करार झाला, त्यात मुंबई आंदण म्हणून लिहून दिली. राजाला ती सांभाळणं परवडेना. १६६८ साली त्याने ती ईस्ट इंडिया कंपनीला दिली. मोबदला किती? वर्षाला दहा पौंड. म्हणजे जी कंपनी पुढे अर्ध्या देशाची मालकीण झाली, ती मुंबईत राजाला वर्षाचा खंड भरत होती. आणि जिच्या लग्नात हे बेट दिलं गेलं तिला या व्यवहारात कुणी विचारल्याचं कुठं वाचनात येत नाही. हे ऐकून आमच्या गटात एकच हशा पिकला. एक आजी म्हणाल्या, "राजाची लेक असो नाहीतर रामोशाची, आंदण दिलं की बाईचा हात सुटला."

पुढे कंपनीने समुद्राचं खारं पाणी बांध घालून अडवलं. त्यातून जी जमीन वर आली ती लोकांना थोडा सारा घेऊन कसायला दिली. या साऱ्याला फोरास म्हणत. शब्द पोर्तुगीज. मुंबईतला फोरास रोड तुम्ही ऐकला असेल, त्याचं नाव यातूनच आलं. फोरासच्या जमिनीवर पिढ्या गेल्या, घरं झाली, वाड्या झाल्या. मग भांडण सुरू झालं की ही जमीन राहणाऱ्यांची की सरकारची? शेवटी १८५१ साली त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. यातून आपण काय घ्यायचं? जमीन देताना हक्क नीट लिहिला नाही, तर नातवंडांना कोर्टात जावं लागतं.

मग १८९६ साली मुंबईत प्लेग आला. दाटीवाटीच्या, अंधाऱ्या वस्त्यांत माणसं पटापटा मेली. लोक गावाकडे पळाले, आपल्याही भागात आजार घेऊन आले. त्या धक्क्यानंतर सरकारने १८९८ साली मुंबई सुधार ट्रस्ट स्थापला. त्याचं काम होतं गर्दीतून रस्ते काढायचे, नव्या वस्त्या वसवायच्या. दादर, माटुंग्याकडच्या आखीव वसाहती या ट्रस्टच्या. ट्रस्टने तिथले भूखंड विकले नाहीत, भाडेपट्ट्याने दिले. काही ९९ वर्षांच्या मुदतीने, काही तर ९९९ वर्षांच्या!

नऊशे नव्व्याण्णव वर्षं म्हणजे विकल्यासारखंच की, असं आम्हालाही वाटलं. पण नाही. भूखंड विकला की मालकाचा हात सुटतो. पट्ट्याने दिला की हात धरलेलाच राहतो. घर किती उंच बांधायचं, किती जागा मोकळी सोडायची, राहायच्या जागेत कारखाना काढायचा नाही, या सगळ्या अटी कागदात घालता येतात आणि त्या मोडल्या तर जाब विचारता येतो. शहर पुन्हा कोंडू नये म्हणून ही दोरी हातात ठेवली होती. १९३३ साली हा ट्रस्ट मुंबई महापालिकेत विलीन झाला आणि ते पट्टेही महापालिकेकडे गेले.

इथं कायदा काय म्हणतो ते थोडक्यात ऐका. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आजही चालू आहे. त्यात विक्री आणि भाडेपट्टा हे दोन वेगळे व्यवहार आहेत. विक्रीत मालकी जाते. भाडेपट्ट्यात फक्त उपभोगाचा हक्क जातो, तोही ठरलेल्या मुदतीपुरता, मोबदला घेऊन. पट्टा एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा असला तर तो नोंदणी केलेलाच हवा. मुदत संपली की पट्टा संपतो. अट मोडली आणि तसं कागदात लिहिलेलं असलं, तर मुदतीआधीही तो रद्द होऊ शकतो. पट्टेदाराला आपला हक्क दुसऱ्याला देता येतो, पण कागदात मनाई नसेल तरच. परवानगी घ्यावी लागेल असं लिहिलं असेल तर ती घ्यावीच लागते. म्हणून भाडेपट्ट्याचं घर घेताना विकणारा काय सांगतो याला फार अर्थ नाही. मूळ पट्ट्याचा कागद काय सांगतो ते महत्त्वाचं.

आता आपल्या शेताकडे एक चक्कर मारू, मग नवी मुंबईला जाऊ. कूळकायदा आपल्या सगळ्यांच्या घरात आहे. १ एप्रिल १९५७ हा कृषिदिन. त्या दिवसापासून कसणारं कूळ कायद्याने जमिनीचं मालक मानलं गेलं. शेकडो वर्षांचा उपरी एका तारखेला मालकाच्या बाजूला आला. पण त्यातही एक गाठ होती. कलम ४३ प्रमाणे अशी जमीन परवानगीशिवाय विकता येत नव्हती. २०१४ साली कायदा बदलला. कुळाने जमीन खरेदी केल्याचं प्रमाणपत्र मिळून दहा वर्षं झाली असतील, तर आकाराच्या चाळीस पट रक्कम भरून ही अडचण सोडवता येते. आपल्या सातबाऱ्यावर "भोगवटादार वर्ग २" असं लिहिलेलं असतं ना, त्याचा अर्थ हाच, की जमीन तुमच्याकडे आहे पण पूर्ण मोकळी नाही. १९६६ च्या महसूल कायद्यात वर्ग १, वर्ग २ आणि शासकीय पट्टेदार असे तीन प्रकार सांगितलेले आहेत. यातला तिसरा, पट्टेदार, म्हणजे आजच्या गोष्टीतला आपला माणूस.

आता नवी मुंबई. १९७० साली राज्य सरकारने सिडको महामंडळ स्थापलं. मुंबईवरचा भार कमी करायला खाडीपलीकडे नवं शहर वसवायचं ठरलं. त्यासाठी ठाणे, पनवेल, उरण या भागांतल्या ९५ गावांची जमीन घेतली. ती ओसाड नव्हती, मैत्रिणींनो. तिथं आगरी-कोळी बायाबाप्यांची भातशेती होती, मिठागरं होती, खाडीतली मासेमारी होती. योग्य मोबदल्यासाठी तिथल्या लोकांनी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा दिला. बायाही मोठ्या संख्येने रस्त्यावर होत्या. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात गोळीबार झाला, पाच जणांचा जीव गेला. या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के योजना आली. ज्याची जमीन गेली त्याला त्या प्रमाणात विकसित भूखंड परत द्यायचा. पण तो भूखंडही साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने! ज्याच्या बापजाद्यांची जमीन, तोच आता तिथला पट्टेदार.

सिडकोनेही भूखंड विकले नाहीत, पट्ट्याने दिले. कारण तेच जुनं. शहराच्या आखणीवर हात राहावा, आणि जमिनीचा भाव वाढला तर त्यातला वाटा सार्वजनिक कामाला मिळावा. एमआयडीसीची जमीनही अशीच, ती ९५ वर्षांच्या पट्ट्याने मिळते. म्हाडाच्या कित्येक वसाहतींत इमारत सोसायटीची आणि जमीन पट्ट्याची असते. म्हणजे यात फसवणूक आहे असं नाही. लाखो कुटुंबं अशा घरात सुखाने राहतात. फसवणूक होते ती कागदाची साखळी मधेच तुटलेली असते तिथं.

ताईंच्या घरात ती तुटलेली होती. आम्ही ताईंबरोबर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे गेलो. हे सगळ्यांनी लक्षात ठेवा. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. फोन करायचा तर १५१०० हा नंबर आहे. तिथल्या वकील मॅडमनी सगळे कागद टेबलावर पसरले आणि विचारलं, "महामंडळाच्या दप्तरी आज हे घर कुणाच्या नावावर आहे?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. विकणाऱ्याकडे होतं काय, तर एक साधा करार आणि एक कुलमुखत्यारपत्र. नव्वदच्या दशकात मूळ घरमालकाने पैसे घेऊन ते त्याच्या नावाने करून दिलं होतं. महामंडळाची परवानगी घेतलेली नव्हती, हस्तांतरण शुल्क भरलेलं नव्हतं, खरेदीखताची नोंदणी नव्हती. दलाल म्हणाला, "सगळे असंच घेतात, ताई. वीस वर्षं राहतोय तो माणूस तिथं."

सगळे असंच घेत होते, हे खोटं नाही. परवानगीचं शुल्क आणि मुद्रांक वाचवायला कुलमुखत्यारपत्रावर घरं फिरवायची ही वाट देशभर पडली होती. पण ११ ऑक्टोबर २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प या खटल्यात स्पष्ट केलं की कुलमुखत्यारपत्र आणि विक्रीचा करार यांनी मालकी जात नाही. नोंदणी केलेल्या दस्तानेच हक्क जातो. पट्ट्याच्या घरालाही हेच लागू. शिवाय कुलमुखत्यारपत्र देणारा माणूस मेला की साधारणपणे त्या कागदाचा जोरही जातो. काही अपवाद आहेत, पण मॅडम म्हणाल्या, "अपवादावर चूल मांडू नका." आणि या घराचा मूळ मालक वारून सहा वर्षं झाली होती.

ताई त्या दिवशी एसटीत एक शब्द बोलल्या नाहीत. लाखभर रुपये गेले असंच त्यांनी धरलं होतं. मालकांनी पाठीवर पोती वाहून मिळवलेले पैसे ते.

पण गाठ होती तशी सुटण्यासारखी होती. मॅडमनी विकणाऱ्याला नोटीस दिली की कागद पुरे कर, नाहीतर इसार परत कर. तो माणूस वाईट नव्हता, तोही असाच कुणाच्या तरी सांगण्यावर फसलेला. मूळ मालकाचे वारस शोधायचे ठरलं. ते सापडले आपल्याच जिल्ह्यात, डोंगरापलीकडच्या गावात. मूळ मालकाची म्हातारी बायको, दोन मुलगे, एक लेक. आम्ही चौघीजणी ताईंबरोबर गेलो. त्या आजींना नवऱ्याच्या नावावर शहरात घर होतं हेच धड माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, "त्यांनी पैसे घेतले असतील तर मी नाही म्हणायची नाही. पण माझा अंगठा घेताय तर आधी मला वाचून दाखवा." वकील मॅडमनी सगळा दस्त त्यांना वाचून दाखवला, दोनदा.

मग एकेक पायरी चढलो. आधी मृत्यूचा दाखला आणि वारसांचे कागद देऊन महामंडळाच्या दप्तरी वारसांची नावं लावली. सोसायटीकडून थकबाकी नसल्याचा आणि हरकत नसल्याचा दाखला घेतला. जुन्या करारावरचं बुडवलेलं मुद्रांक शुल्क आणि त्यावरचा दंड विकणाऱ्याने भरला. ताईंना विकायची परवानगी महामंडळाकडे मागितली, ठरलेलं हस्तांतरण शुल्क भरलं. त्यानंतर दुय्यम निबंधकाच्या कचेरीत दस्त झाला. वारस विकणारे, ताई घेणाऱ्या, आणि ज्याच्याकडे कुलमुखत्यारपत्र होतं तो माणूस "माझा यावर काही हक्क नाही" असं लिहून देणारा. शेवटी महामंडळाचा आदेश आला, सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर ताईंचं नाव चढलं. या सगळ्याला चौदा महिने लागले. चौदा महिने मुलगा फोनवर चिडायचा, की आई, किती कागद करतेस. ताई म्हणायच्या, "बाबा, कागद नसता केला तर तुझ्या पोरांनी केला असता, माझ्या जागी उभं राहून."

आणखी एक. घर ताईंच्या एकट्याच्या नावावर झालं. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून राहतं घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. पुरुषाचं नाव सोबत घातलं की ती जाते. मुलगा म्हणाला, माझंही नाव घाल. ताई म्हणाल्या, "घालीन की. मृत्युपत्रात."

पण गोष्ट इथं गोड करून संपवायची नाही. मूळ पट्टा सुरू होऊन पस्तीस वर्षं उलटली होती. साठातून पस्तीस गेली, उरली पंचवीस. ताई आज सेहेचाळीस वर्षांच्या. म्हणजे त्यांच्या एकाहत्तराव्या वर्षी मूळ मुदत संपते. वकील मॅडमनी हे लपवलं नाही. २०१८ च्या अखेरीस शासनाने सिडकोच्या पट्ट्यांची मुदत शुल्क घेऊन ९९ वर्षांपर्यंत वाढवून देण्याला मान्यता दिली. पण ते आपोआप होत नाही. सोसायटीला ठराव करून मागावं लागतं, शुल्काची वर्गणी काढावी लागते. म्हणून ताईंनी भाव ठरवताना हेच पुढं केलं. "मी पंचवीस वर्षं विकत घेतेय, साठ नाही," असं त्यांनी विकणाऱ्याला तोंडावर सांगितलं आणि किंमत कमी करून घेतली. आता त्या सोसायटीच्या सभेला गावाहून जातात आणि दरवेळी एकच विषय काढतात, मुदतवाढीचा.

मैत्रिणींनो, आमच्या इतक्या शोधाशोधीचं सार एवढंच. भाडेपट्ट्याच्या घरात आपण भिंती विकत घेतो आणि वर्षं विकत घेतो. भुई घेत नाही. म्हणून तुमच्या घरातलं कुणी असं घर बघत असेल, तर इसार द्यायच्या आधी हे प्रश्न विचारा.

जमिनीचा मूळ मालक कोण? सरकार, महामंडळ, महापालिका की कुणी खाजगी माणूस? मूळ पट्ट्याची नक्कल बघितली का? मुदत किती, कधी सुरू झाली, आज किती वर्षं उरली? मुदत वाढवून मिळेल असं कागदात आहे का, आणि कोणत्या अटीवर? कर्ज काढणार असाल तर बँकही हेच बघते, कर्ज फिटायच्या आत पट्टा संपत नाही ना?

विकायला परवानगी लागते का, शुल्क किती, आणि ते कोण भरणार? हे करारातच लिहून घ्या, तोंडी नको. वर्षाचं भूभाडे थकलेलं आहे का? मूळ पट्टेदारापासून आजच्या विकणाऱ्यापर्यंत प्रत्येक पायरीचा नोंदणी केलेला दस्त आहे का? निबंधक कचेरीतून सूची दोन काढा, त्यात दिसतं. मधे कुठं फक्त कुलमुखत्यारपत्र असेल तर तिथंच थांबा. मूळ माणूस हयात आहे का विचारा. नसेल तर वारस कोण, आणि त्यांत लेकींची नावं आहेत का तेही बघा. लेकींना वगळून केलेला व्यवहार पुढे अंगाशी येतो.

आणि शेवटचा प्रश्न, इमारतीखालची जमीन बिल्डरने सोसायटीच्या नावे करून दिली का? पट्ट्याच्या जमिनीत मालकी नाही, पण पट्ट्याचा हक्क सोसायटीकडे यायला हवा. तो दिला नसेल तर सोसायटीला मानीव अभिहस्तांतरण मागता येतं. २००८ च्या दुरुस्तीपासून ही सोय कायद्यात आहे.

गावात राहणाऱ्या बायांनाही यातलं काही लागू आहे. सरकारी जमीन वर्ग २ किंवा पट्ट्याने मिळालेली असेल, तर सरकारच्या नियमांप्रमाणे ठरलेली रक्कम भरून ती वर्ग १ करता येते. हे नियम सरकारने दिलेल्या जमिनीचे आहेत, महामंडळाच्या घरांचे नाहीत, हा घोटाळा करू नका. दर आणि मुदती बदलत असतात, तेव्हा तहसील कचेरीत आजचा दर विचारून लेखी घ्या. नुसतं तोंडी ऐकून परत येऊ नका.

मिरासदार आणि उपरी यांच्यातला फरक कुणी देवाने केलेला नव्हता. माणसांनी केला होता, कागदावर. १९५७ ला माणसांनीच तो बदलला. साडेबारा टक्केही लोकांनी रस्त्यावर उतरून मिळवले. आंदण दिलेल्या त्या राजकन्येला विचारलं गेलं नसेल, पण डोंगरापलीकडच्या त्या आजींनी अंगठा द्यायच्या आधी दस्त वाचून घेतला. आमच्या गटात आता नियम केला आहे. घराच्या, शेताच्या कोणत्याही कागदावर सही करायची असेल, तर तो आधी बैठकीत मोठ्याने वाचायचा. ज्यांना वाचता येतं त्यांनी वाचायचा, बाकीच्यांनी ऐकायचा, आणि न कळलेला शब्द तिथंच अडवायचा.

पुढच्या बैठकीला तुम्हीही पेटी उघडा. तळाशी ठेवलेला एखादा पिवळा पडलेला कागद घेऊन या. वाचू आपण सगळ्या मिळून.